थोरलीची चाल

"म्हैस माझ्या गोठ्यात बांधलीय, तेच तुमच्या पोटात दुखतंय जाऊबाई," धाकटी म्हणाली.

"पोटात दुखायला पोटात काही जावं तर लागतं," थोरली म्हणाली. "दूध सगळं तूच पितेस. आरशात बघ एकदा. आरसा पुरला तर."

"आरसा पुरतो मला. दार तेवढं तुम्हाला पुरत नाही."

हे झालं सकाळचं. धाकटी म्हशीखाली बसून धार काढत होती, थोरली समोरच्या पायरीवर तांदूळ निवडत होती आणि मधून जुना रस्ता जात होता. रस्ता कसला, बोळच तो. समोरून बैलगाडी आली की दोघींना पाय आत घ्यावे लागायचे. पाय आत घ्यायच्या, तोंड चालूच.

धाकटीच्या घराला लागून माझं पंक्चरचं दुकान. त्यामुळं हे सगळं मला घरबसल्या ऐकायला मिळायचं. दोघी सख्ख्या जावा. थोरलीचा नवरा मागंच वारला, मुलगा शहरात, ती एकटीच राहायची. धाकटीचा नवरा जिवंत होता, पण तो काही बोलायचा नाही, म्हणून गाव त्याला मुका म्हणायचं. मुका नव्हता तो. त्या घरात त्याची पाळीच येत नसे.

म्हैस सासऱ्यांच्या वेळची, दोघींत सामायिक. गोठा धाकटीकडं, चराईचं रान थोरलीच्या घरामागं. दुधावरून, वैरणीवरून, शेणावरून, ज्यावरून म्हणाल त्यावरून दोघी भांडायच्या. पण धाकटीनं कधी 'अहो जाऊबाई' सोडलं नाही. "तुमचं तोंड बघायची इच्छा नाही मला, अहो जाऊबाई," असं अगदी मान देऊन सांगायची. थोरलीचा नवरा गेला तेव्हा धाकटीनं महिनाभर तिच्या घरी दोन्ही वेळचं जेवण नेलं, आणि थोरलीनं महिनाभर त्या जेवणाला नावं ठेवली. असं त्यांचं बरं चाललं होतं.

मग रस्ता मोठा व्हायचं निघालं.

पहिल्यांदा पिवळं हेल्मेट घातलेले साहेब आले. कोवळेच होते, मिशीसुद्धा अजून ठरायची होती. त्यांनी गावाला बोलावलं, भिंतीवर नकाशा लावला. नकाशात रस्ता हातभर रुंद आणि गाव मुंगीएवढं. साहेबांनी विचारलं, "लोक रस्ता ओलांडतात कुठून?"

आता आम्ही रस्ता ओलांडतो कुठून हे आम्हालाच कधी कुणी विचारलं नव्हतं. समोर जायचं असलं की समोर जायचं. त्यामुळं सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसले. तेवढ्यात पुढच्या खुर्चीतून पुढारी उठला. आमच्या गावात पुढारी एकच, आणि पुढची खुर्चीही एकच. तो म्हणाला, "माझ्या हॉटेलापाशी ओलांडतात, साहेब."

हॉटेल म्हणजे तेव्हा गावाबाहेर पार लांब माळावर रोवलेले चार खांब आणि 'लवकरच सुरू' अशी पाटी. साहेबांनी नकाशावर तिथं फुली मारली. सभा संपली.

पुढं थोरलीची पायरी गेली, धाकटीचा अर्धा गोठा गेला, माझ्या दुकानाचं छप्पर कापलं. धूळ इतकी, की कोंबड्या कुठल्या रंगाच्या होत्या ते आम्ही विसरलो. आणि एका सकाळी बघतो तर बोळाच्या जागी सहापदरी रस्ता, दोन्ही कडांना लोखंडी कठडा, मधोमध झुडपं लावलेला दुभाजक. गाड्या अशा सुटायच्या की बोललेला शब्द तोंडातून निघायच्या आत पुढच्या गावात जाऊन पडायचा.

दुभाजकाला फट ठेवली होती ती पुढाऱ्याच्या हॉटेलासमोर. तिथं पांढरे पट्टे, लुकलुकता दिवा, 'सावकाश जा' असा फलक, सगळं होतं. हॉटेलात जाणाऱ्या गाड्या थांबत आणि वळत. गावासमोर मात्र काहीच नाही. शाळा या बाजूला, शेतं त्या बाजूला. दवाखाना या बाजूला, आजारी माणसं दोन्हीकडं. पलीकडच्या घरातून चिमूटभर साखर आणायची तर हॉटेलापर्यंत उन्हातून चालत जा, ओलांड, आणि तेवढंच परत ये. साखर घेऊन माघारी येईपर्यंत चहाची तलफ जायची.

म्हशीलाही तोच रस्ता. धाकटी तिला रोज सकाळी हॉटेलावरून वळसा घालून थोरलीच्या रानात न्यायची आणि संध्याकाळी आणायची. जाता-येता म्हैस हॉटेलाच्या दारातली शोभेची झाडं खायची. पुढाऱ्यानं तक्रार केली तर धाकटी म्हणाली, "तुम्हीच म्हणाला होता ना, सगळं गाव इथून जातं म्हणून. ही गावातलीच आहे."

पण खरी पंचाईत झाली ती भांडणाची.

पहिल्या दिवशी धाकटी बादली घेऊन कठड्याशी आली. समोरून थोरली आली. धाकटीनं काहीतरी म्हटलं. मधून ट्रक गेला. थोरलीनं कानाला हात लावला. धाकटी पुन्हा म्हणाली. दोन ट्रक गेले. थोरलीनं काहीतरी उत्तर दिलं, ते एका टँकरनं नेलं.

धाकटी माझ्याकडं वळली. "काय म्हणाल्या हो त्या?"

"ऐकू नाही आलं."

"वाईटच म्हणाल्या असणार," ती म्हणाली, पण तिच्या आवाजात काही जोर नव्हता. नेमकं काय ते कळल्याशिवाय उलट बोलता येत नाही.

मग दोघींनी हातवारे सुरू केले. थोरली खराटा हवेत फिरवायची, धाकटी बादली आपटायची. खराटा गोल फिरला की त्याचा अर्थ 'तुझं डोकं फिरलंय'. बादली पालथी धरली की 'तुमच्या घरात आहे काय'. हळूहळू आम्हालाही कळायला लागलं. पण गाड्यावाल्यांना कुठलं कळायला? लांबून खराटा दिसला की ट्रकवाले वेग कमी करायचे. त्यांना वाटायचं पुढं अपघात झालाय, नाहीतर पोलीस उभे आहेत. एकदा तर एसटी थांबली. पुढचं आम्हाला पलीकडच्या लोकांनी सांगितलं.

"कुठं जायचं मावशी?" कंडक्टरनं विचारलं.

"जायचं कुठं नाही," थोरली म्हणाली. "त्या समोरच्या बाईला जाऊन सांग, दुधात पाणी घालायचं तर निदान स्वच्छ घाल म्हणावं."

"आमची गाडी तिकडं जात नाही."

"मग थांबलास कशाला?"

कंडक्टरनं घंटी मारली. खिडकीतले प्रवासी मात्र मागं वळून वळून बघत गेले.

असे बरेच दिवस गेले. ऊन वाढलं. रस्त्याचं डांबर मऊ पडलं, माती तडकली, आणि दोघी रोज सकाळी कठड्याला धरून ओरडत राहिल्या. ऐकू जात नव्हतं तरी ओरडत होत्या.

मग एक दिवस थोरली आली नाही.

धाकटीनं बादली वाजवली. पुन्हा वाजवली. समोर दार अर्धं उघडं, आत हालचाल नाही. ती माझ्या दुकानापुढं येऊन उभी राहिली.

"जाऊबाई आल्या नाहीत."

"बरं झालं की," मी म्हणालो. "एक दिवस तेवढीच शांतता."

तिनं माझ्याकडं असं बघितलं की माझ्या हातातली ट्यूब खाली पडली. मी म्हटलं, "फोन करून बघा."

"फोन त्यांनी पेटीत ठेवलाय. खराब होईल म्हणून."

"मग वळसा घालून जाऊन या."

"तेवढ्या वेळात काय वाटेल ते होईल. एकट्या बाईचं घर आहे." तिनं एकदा रस्त्याकडं बघितलं. मग तडक गोठ्यात गेली आणि म्हैस सोडून घेऊन आली. अजून धारही काढलेली नव्हती.

"हे काय?" मी विचारलं.

"बाईमाणसासाठी कुणी ब्रेक मारत नाही," ती म्हणाली. "म्हशीसाठी मारतात. म्हशीला धडकलं तर गाडीचं नुकसान होतं."

माझ्या दुकानासमोर एका ट्रकनं कठडा तोडला होता, तिथून ती म्हैस घेऊन सरळ रस्त्यात उतरली. आम्ही डोळे मिटले. ब्रेक करकचले, भोंगे वाजले, ड्रायव्हर लोकांनी खिडकीतून धाकटीच्या सगळ्या नातेवाइकांची विचारपूस केली. डोळे उघडले तेव्हा धाकटी आणि म्हैस दुभाजकावर उभ्या होत्या.

तिथं म्हशीला हिरवळ दिसली. रस्ते खात्यानं लावलेली, टँकरनं पाणी घालून जगवलेली. सगळं रान वाळलेलं असताना एवढं कोवळं गवत तिनं उन्हाळाभर बघितलं नव्हतं. ती तिथंच थांबली, आणि थोडं खाऊन झाल्यावर खालीच बसली. धाकटीनं दोर ओढला, ढकललं, शेपूट पिरगाळली. म्हैस काही उठली नाही. म्हशीला टाकून धाकटी पुढं जाईना, आणि पलीकडच्या गाड्या काही थांबेनात.

एवढ्यात समोरचं दार पूर्ण उघडलं आणि थोरली बाहेर आली. गळ्याला फडकं गुंडाळलेलं.

"जिवंत आहेत," धाकटी आमच्याकडं वळून म्हणाली. दुभाजक अर्ध्या अंतरावर, त्यामुळं तिथलं आम्हाला ऐकू येत होतं. मग तिकडं तोंड करून, "अहो जाऊबाई, मेलात की काय वाटलं मला. बाहेर येऊन सांगता येत नाही का?"

थोरलीनं गळ्याकडं बोट केलं. रोज ओरडून ओरडून तिचा घसा पार बसला होता. आवाजच फुटत नव्हता.

आता बघा, जन्मात पहिल्यांदा धाकटीला मैदान मोकळं मिळालं होतं. काय वाटेल ते बोलावं, समोरून उत्तर नाही. तिनं कमरेवर हात ठेवला, तोंड उघडलं आणि तशीच उभी राहिली. पलीकडून काही आलं नाही, तर तिला पुढचं काही सुचेना. शेवटी म्हणाली, "मिठाच्या पाण्यानं गुळण्या करा."

तोवर दोन्ही बाजूंच्या गाड्या बघायला म्हणून मंद होत होत्या. बघता बघता रांग हॉटेलापर्यंत गेली. कुणीतरी खात्याला कळवलं, आणि तेच पिवळ्या हेल्मेटवाले साहेब आले. त्यांची जीप रांगेत अडकली म्हणून ते चालत आले, घामानं निथळत. माझ्या दुकानापाशी गाड्या खोळंबलेल्या होत्या, त्यांच्यामधून वाट काढत दुभाजकावर चढले.

"बाई, म्हैस उठवा."

"तुम्ही उठवा. रस्ता तुमचा, गवत तुमचं."

साहेबांनी म्हशीला लांबूनच "ए" म्हटलं. म्हशीनं कान हलवला.

"इथून ओलांडायला मनाई आहे," साहेब म्हणाले. "ओलांडायची जागा हॉटेलासमोर आहे."

"बरं. मग तुम्ही तिथूनच परत जा."

साहेबांनी वळून बघितलं. हॉटेल उन्हात काडेपेटीएवढं दिसत होतं. "चालत?"

"आम्ही रोज जातो. म्हैसपण जाते. तुम्ही तर शिकलेले आहात, लवकर पोचाल."

साहेब आलो तसं माघारी जावं म्हणून वळले, तर तेवढ्यात आमच्या बाजूची रांग सुटली होती. गाड्या अशा भरधाव निघाल्या की त्यांनी रस्त्यावर टाकलेला पाय उचलून घेतला. एकदा टाकला, दोनदा टाकला, दोन्ही वेळा घेतला. मग म्हशीच्या सावलीला येऊन उभे राहिले. सावली म्हशीची, आणि म्हैस बसलेली. तेव्हा साहेबांनाही बसावं लागलं.

ऊन चढत गेलं. साहेबांनी जीपला फोन लावला, जीपवाला म्हणाला रांगेबरोबर पुढं आलोय, आता वळायला जागा नाही. वरच्या साहेबांना लावला, ते म्हणाले तिथं ओलांडायची जागाच नाही, तर तुम्ही तिथं गेलात कसे. साहेबांचे ओठ सुकले.

"पाणी आहे का हो बाई?"

"पाणी कुठलं. हेल्मेट द्या इकडं."

साहेबांनी काही न कळून हेल्मेट दिलं. धाकटीनं ते उलटं करून पदरानं पुसलं, म्हशीच्या बगलेत दोन गुद्दे घातले. सकाळपासून कास तटतटलेली, तेव्हा ही मात्र हाक तिला कळली आणि ती उठली. सहा पदरांच्या मधोमध, चहूकडून भोंगे वाजत असताना, धाकटीनं हेल्मेटमध्ये धार काढली. साहेब आधी नको म्हणाले. मग दोन्ही हातांनी हेल्मेट धरून सगळं पिऊन गेले.

पुढारी मोटारसायकलवरून माझ्या दुकानापाशी येऊन पोचला तो याच वेळी. तिथून ओरडला, "साहेब, या बाईचं काही ऐकू नका. गावाची सोय हॉटेलापाशीच आहे."

साहेबांच्या ओठांवर दुधाची पांढरी मिशी होती, आणि ती त्यांच्या खऱ्या मिशीपेक्षा दाट दिसत होती. त्यांनी विचारलं, "तुमच्या हॉटेलात गावातलं येतं कोण?"

पुढारी घुटमळला. "अजून कोणी नाही. पण येतील."

"म्हैस येते," मी म्हणालो. राहवलं नाही.

साहेब उठले. कपडे झटकले. कठड्याशी जमलेल्या इकडच्या लोकांकडं बघितलं, पलीकडच्या लोकांकडं बघितलं. म्हातारी माणसं, दप्तरं घेतलेली पोरं, डोक्यावर भारे घेतलेल्या बाया. "चुकलं," ते म्हणाले. "त्या दिवशी मी एकालाच विचारलं. इथंच दिवा बसवून देतो."

त्यांना तिथून सोडवलं ते मुक्यानं. आतापर्यंत तो गोठ्याच्या दारात उभा राहून सगळं बघत होता. त्यानं दोरीवर वाळत घातलेलं बायकोचं लाल लुगडं काढलं, ते दोन्ही हातांत धरून रस्त्यात जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "थांबा." आवाज असा दणदणीत निघाला की गाड्या तर थांबल्याच, धाकटीही दचकली. "तुम्हाला बोलता येतं?" तिनं विचारलं. त्यानं लुगडं आणखी वर धरलं.

साहेब शब्दाला जागले. वेळ लागला, कागद इकडून तिकडं गेले, पुढाऱ्यानं दोनदा मोडता घातला. पण शेवटी दुभाजक फोडला, पट्टे मारले, दोन्ही बाजूंना खांब आणि खांबाला बटण. बटण दाबलं की थोड्या वेळानं गाड्यांना लाल, माणसांना हिरवा.

दिवा चालू करायच्या दिवशी साहेब स्वतः आले. सगळं गाव जमलं. साहेबांनी बटण दाबलं आणि तरातरा चालत पलीकडं गेले, हिरव्यात पोचलेही, आणि पुन्हा बटण दाबून इकडं आले. मग म्हैस सोडली. म्हैस दुभाजकापर्यंत पोचली आणि दिवा बदलला. ट्रक भोंगे वाजवायला लागले. म्हैस परिचयाच्या जागी आरामात उभी राहिली.

"वेळ कमी पडतोय," साहेब म्हणाले. "असं करू. तुमच्यात सगळ्यात हळू कोण चालतं, त्याच्या चालीवर दिव्याचा वेळ लावतो. म्हणजे कुणावर अन्याय नको."

हळू चालतो म्हणून पुढं कोण येणार? ऐंशी वर्षांचे आजोबाही दुसरीकडं बघायला लागले.

तेवढ्यात पलीकडून थोरली पुढं झाली. घसा सुटला होता तिचा. हातात काठी होती. थोरलीच्या हातात काठी मी कधी बघितली नव्हती. तिनं एका हातानं कंबर धरली, दुसऱ्या हातानं काठी टेकली आणि पट्ट्यावर पाय ठेवला. साहेबांनी गाड्यांना लाल दिवा लावून ठेवला आणि घड्याळ लावलं.

एक पाऊल टाकलं, थांबली. दम घेतला. दुसरं पाऊल टाकलं, आभाळाकडं बघितलं. "अगं आई गं," म्हणाली. तिसऱ्या पावलाला काठी उजव्या हातातून डाव्या हातात घेतली. ट्रकवाल्यांनी इंजिनं बंद केली. दुभाजकापाशी आल्यावर तिनं म्हशीच्या पाठीवर हात ठेवून विसावा घेतला आणि म्हशीची खुशाली विचारली.

पुढाऱ्याला राहवेना. "साहेब, हे सोंग आहे सोंग. परवाच ही बाई कोंबडीमागं धावत होती. कोंबडी दमली, ही दमली नाही. एवढा वेळ गाड्या थांबल्या तर हॉटेलात गिऱ्हाईक पोचायचं कधी?"

ते खरंच होतं. थोरलीची खरी चाल अशी, की तिच्याबरोबर बाजाराला निघालेली माणसं तिला बाजारातच गाठायची. साहेबांच्या तोंडावर शंका आली. त्यांनी आजूबाजूला बघितलं आणि धाकटीला विचारलं, "बाई, तुम्ही तर यांना रोज बघता. या अशाच चालतात का?"

पुढारी गालात हसला. थोरलीची बाजू धाकटीनं आजवर एकदाही घेतली नव्हती, हे त्यालाही माहीत होतं. ऊन पडलेलं असताना थोरली ऊन पडलंय म्हणाली, तर धाकटी छत्री उघडायची.

रस्त्याच्या मधोमध थोरली काठीवर भार टाकून उभी होती. ती धाकटीकडं बघत नव्हती.

धाकटीनं पदर खोचला. "नाही साहेब," ती म्हणाली. "आज जरा घाईत आहेत जाऊबाई."

साहेबांनी मान हलवली, थोरली इकडच्या कडेला पोचेपर्यंत थांबले आणि घड्याळातला वेळ तसाच दिव्यात भरला. वर थोडा वाढवूनही दिला.

साहेबांची जीप दिसेनाशी झाली मात्र, थोरलीनं काठी बगलेत मारली. तोवर ती तशाच चालीनं पलीकडं आपल्या घरापाशी परत पोचली होती, तिथून तिनं पुन्हा बटण दाबलं. दिवा हिरवा होताच ताडताड पाय आपटत अशी आली की पदर मागं उडत होता.

"घाईत आहेत म्हणजे गं काय?" ती धाकटीपुढं उभी राहून म्हणाली. "याहून हळू चालते मी? म्हातारी झाले मी?"

"मी म्हातारी म्हणाले का, अहो जाऊबाई? तुम्हीच म्हणालात."

"चारचौघांत माझी चाल काढलीस."

"चाल तुम्हीच काढलीत. मी नुसती हो म्हणाले. पुन्हा म्हणणार नाही, काळजी करू नका."

बोलत बोलत दोघी चालायला लागल्या. म्हशीवरून निघालं, वैरणीवर गेलं, शेणावर आलं. एकीनं दुसरीला पट्ट्यावरून पलीकडं पोचवलं, दुसरीनं पहिलीला परत आणून सोडलं. शेवटी दोघींनाही कामं आठवली आणि त्या आपापल्या घरात गेल्या.

दोन्हीकडं ट्रक उभेच होते. माणसांचा दिवा अजून हिरवा होता.